लिएजला जाण्यापूर्वी: ट्रॅपिस्ट-१ आणि मठातली बिअर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातला प्रवेश पक्का झाला हे वाचून फार आनंद झाला. बाह्यग्रहांच्या, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या, कामाला सुरुवात कुठून करायची आणि तिकडे गेल्यावर मठांमधली बिअर कशी समजून घ्यायची, हे दोन्ही तू एकाच पत्रात विचारलंस. उत्तरही एकत्रच देतो, कारण लिएजमध्ये या दोन गोष्टी खरोखर एकत्र नांदतात. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१० साली चिलीतल्या ला सिया वेधशाळेत अवघ्या ६० सेंटिमीटर आरशाची, लांबून चालवता येणारी दुर्बीण बसवली आणि इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तिचं नाव ठेवलं ट्रॅपिस्ट. बेल्जियममधली सर्वांत मानाची बिअर ज्या मठवासी संप्रदायाची, त्याचंच हे नाव. त्याच मंडळींनी पुढे १ मीटरच्या दुर्बिणी घेऊन जो मोठा प्रकल्प उभारला त्याला स्पेक्युलोस म्हणतात. ते तिकडच्या मसालेदार बिस्किटाचं नाव.

तुला मोठ्या दुर्बिणींचं आकर्षण आहे, ते पत्रातून दिसतं. पण या गटाचं यश नेमकं उलट्या निवडीत आहे. आपल्या लहान दुर्बिणीला झेपेल असा प्रश्न त्यांनी शोधला आणि तोच धरून ठेवला. हे आकड्यांत पाहा. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे अधिक्रमणाच्या वेळी, ताऱ्याचा प्रकाश किती घटेल हे दोघांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी, सूर्याची सुमारे ६,९६,००० किमी. भागाकाराचा वर्ग केला की घट येते फक्त ०.००८४ टक्के. जमिनीवरून, हवेच्या थरातून, ती मोजणं अशक्यप्राय. आता तीच पृथ्वी सूर्याच्या १२ टक्के त्रिज्येच्या, म्हणजे सुमारे ८३,००० किमी त्रिज्येच्या ताऱ्यासमोर ठेव. घट होते ०.५९ टक्के. सत्तरपट! शिवाय असा तारा थंड असल्यामुळे त्याचा वसतियोग्य पट्टा, म्हणजे जिथे पाणी द्रवरूप राहू शकतं तो भाग, अगदी जवळ येतो. ग्रह वर्षातून एकदा नाही, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी समोरून जातो. ग्रह तोच राहतो, तारा लहान निवडला की काम होतं.

कुंभ राशीतला ट्रॅपिस्ट-१ हा असाच तारा. अंतर सुमारे ४०.५ प्रकाशवर्षं, पृष्ठभागाचं तापमान २,५६६ केल्व्हिनच्या आसपास, आकार गुरूपेक्षा थोडाच मोठा. १७ सप्टेंबर ते २८ डिसेंबर २०१५ या काळात ६२ रात्री मिळून २४५ तास त्या ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने तो पाहिला. पाठपुराव्यात लडाखमधल्या हान्लेच्या २ मीटर हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता, हे तिकडे गेल्यावर अभिमानाने सांगण्यासारखं आहे. मे २०१६ मध्ये तीन ग्रह जाहीर झाले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली. लिएजकरांसाठी वर्ष चांगलं गेलं म्हणायचं! आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी ग्रहांची संख्या सात झाली.

तीनाचे सात कसे झाले, हे तू बारकाईने वाच. पहिल्या दोन ग्रहांचे कालावधी पक्के होते, पण तिसऱ्याची दोनच अधिक्रमणं हाती होती. दोन अधिक्रमणांमधलं अंतर म्हणजे कालावधी असं कधीच समजायचं नाही. मध्ये किती फेऱ्या दिवसा होऊन गेल्या, किती ढगांत गेल्या, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून ते अंतर १, २, ३, ४ अशा प्रत्येक पूर्णांकाने भागून येणारी सगळी उत्तरं शक्य धरावी लागतात. त्या ग्रहाचा कालावधी म्हणूनच ४.५ ते ७३ दिवसांच्या दरम्यान असेल असं प्रामाणिकपणे लिहिलं गेलं. पुढे स्पिट्झर अवकाश दुर्बीण सुमारे २० दिवस जवळजवळ अखंड त्या ताऱ्याकडे रोखून धरली, तेव्हा उलगडा झाला. त्या खुणा एका ग्रहाच्या नव्हत्याच, वेगवेगळ्या ग्रहांच्या होत्या. चिलीतल्या ८ मीटरच्या दुर्बिणीने ११ डिसेंबर २०१५ ला टिपलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाच्या एकाच आलेखात तर तीन ग्रहांची अधिक्रमणं एकमेकांवर चढलेली होती. आलेखाचा आकार विचित्र दिसला की तो आधी जपून ठेव. 'हवा खराब होती' म्हणून फेकू नको.

आता हात बसवण्याबद्दल. ट्रॅपिस्ट-१ दृश्य प्रकाशात १८.८ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक), त्यामुळे सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नको. अवरक्ताच्या, म्हणजे लालपलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, कडेला तो १४ प्रतीपर्यंत उजळतो, तरी ते काम ६० सेंटिमीटर आणि त्यावरच्या दुर्बिणींचं. शिवाय लिएजहून तो क्षितिजापासून जेमतेम ३४ अंश वर येतो, पुण्याहून ६६ अंश. सरावासाठी २० ते २५ सेंटिमीटरची दुर्बीण आणि थंड करता येणारा कृष्णधवल कॅमेरा पुरे. ग्रह असलेला ठळक तारा हवा असेल तर एचडी १८९७३३ घे. डंबेल तेजोमेघाच्या शेजारी, ७.७ प्रत, कालावधी २.२२ दिवस, घट २.४ टक्के, अधिक्रमण पावणेदोन तासांच्या आसपास. उन्हाळ्यात तिकडच्या रात्री फार आखूड असतात, तेव्हा शौरी तारकासमूहातला ट्रेस-३ बरा. त्याचं अधिक्रमण दीड तासाच्या आत आटपतं आणि घट अडीच टक्क्यांहून थोडी जास्त. कालेय समूहातला कतार-१ लिएजहून मावळतच नाही, त्यामुळे हिवाळ्यात ढग फाटतील त्या रात्री तो हाताशी असतो.

लाल गाळणी लाव. निळ्या रंगात वातावरण प्रकाश जास्त खातं आणि तारा जसजसा खाली जातो तसतसा आलेख कलंडतो. चित्र मुद्दाम थोडं धूसर कर, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश आठ-दहा पिक्सेलवर पसरेल. नवशिके नेमकं इथेच चुकतात. त्यांना तारा टोकदार हवा असतो, पण टोकदार तारा एका-दोन पिक्सेलवर बसतो आणि ते पिक्सेल भरून वाहिले की मोजमाप संपलं. सर्वांत ठळक पिक्सेल कमाल क्षमतेच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नको. ११-१२ प्रतीच्या ताऱ्याला ३० ते ६० सेकंदांचं प्रकाशन (एका चित्रासाठी कॅमेरा उघडा ठेवण्याचा वेळ) साधारण बसतं. एचडी १८९७३३ ला मात्र काहीच सेकंद, आणि तिथे अडचण वेगळी: तेवढाच ठळक तुलनातारा, म्हणजे ज्याच्याशी प्रकाश ताडून बघायचा तो स्थिर तारा, त्याच चौकटीत सापडत नाही. म्हणून त्याच्यासाठी लहान, रुंद क्षेत्राची दुर्बीण मोठीपेक्षा चांगली.

अधिक्रमण सुरू होण्याच्या तासभर आधी चित्रं घ्यायला लाग आणि संपल्यावर तासभर थांब. दोन्ही बाजूंची सपाट रेषा नसेल तर घट किती झाली हे ठरवणार कशावरून? सगळा वेळ तारा त्याच पिक्सेलवर ठेव, मार्गदर्शक कॅमेरा त्यासाठीच असतो. तारा मध्यान्हवृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना दुर्बिणीची जर्मन पद्धतीची बैठक उलटवावी लागते आणि आलेखात पायरी पडते. ती वेळ अधिक्रमणाच्या मध्यावर येत असेल तर ती रात्र सोडून दे. संध्याकाळच्या उजेडात सपाट-क्षेत्र चित्रं (एकसारख्या उजळ आकाशाची) घे, ताऱ्याच्या चित्रांएवढ्याच प्रकाशनाची अंधारचित्रंही (झाकण लावून) घे, प्रत्येकी वीसेक. आळस केलास तर गाळणीवरच्या आणि कॅमेऱ्याच्या काचेवरच्या धुळीची वर्तुळं तुझ्या आलेखात ग्रह होऊन उतरतील.

मोजणीसाठी ॲस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर शिकून घे. चार ते आठ तुलनातारे निवड, प्रत साधारण तीच आणि रंगही शक्य तितका जवळचा. एकेक तुलनातारा काढून आलेख पुन्हा बघ. एखाद्याच्या जाण्याने घट बदलली तर तो तारा स्वतःच बदलणारा आहे. मोजणीच्या वर्तुळाची त्रिज्या ताऱ्याच्या अर्धउंची रुंदीच्या (ताऱ्याची उजळी निम्मी होते तिथल्या रुंदीच्या) दीड ते दोनपट ठेव. मिनिटागणिक ०.४ टक्के विखुरण असेल आणि तळाला ६० बिंदू असतील तर सरासरीची अनिश्चितता ०.४ भागिले √६०, म्हणजे ०.०५ टक्के. दोन टक्क्यांच्या घटीला हे भरपूर. मात्र ही भागाकाराची सोय फक्त यादृच्छिक गोंधळाला लागू आहे. हवेचा, मार्गदर्शनाचा, पातळ ढगाचा हळूहळू सरकणारा दोष कितीही बिंदू घेतले तरी तसाच राहतो. ट्रॅपिस्ट-१ सारख्या लालभडक ताऱ्यांना हेच नडतं. हवेतली पाण्याची वाफ अवरक्त प्रकाश शोषते, तुलनातारे कमी लाल असल्यामुळे त्यांच्यावर तेवढा परिणाम होत नाही, आणि वाफ कमीजास्त झाली की अधिक्रमणासारखा दिसणारा खड्डा आलेखात उगवतो. त्या रात्रीची वाफेची नोंद हाती नसेल तर अर्ध्या टक्क्याच्या खड्ड्यावर विश्वास ठेवू नको.

वेळेबद्दल कडक राहा. संगणकाचं घड्याळ दर रात्री इंटरनेटशी जुळव. नंतर वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन लिहायची असते, कारण पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार ताऱ्याचा प्रकाश आठ मिनिटांपर्यंत आधी किंवा नंतर पोहोचतो. त्यात आणखी ६९.१८ सेकंदांचा फरक असतो, जागतिक नागरी वेळेचा (यूटीसी) आणि खगोलगणिताच्या एकसारख्या वेळेचा. तो विसरलेले आलेख सार्वजनिक संग्रहांत नेहमी सापडतात. ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांचे कालावधी १.५१, २.४२, ४.०५, ६.१०, ९.२१, १२.३५ आणि १८.७७ दिवस. शेजाऱ्या-शेजाऱ्यांची गुणोत्तरं ८:५, ५:३, ३:२, ३:२, ४:३, ३:२ यांच्या अगदी जवळ. यामुळे ते एकमेकांना पुन्हा पुन्हा त्याच जागी ओढतात आणि अधिक्रमणं ठरल्या वेळेपेक्षा काही सेकंदांपासून अर्ध्या तासाहून अधिक पुढेमागे होतात. त्या उशिरावरूनच ग्रहांची वस्तुमानं ३ ते ५ टक्क्यांच्या अचूकतेने निघाली. आता सांग, मिनिटभराची चूक परवडेल का? आलेख तयार झाला की एक्सोक्लॉक प्रकल्पाला पाठव. एरियल या युरोपीय अवकाश दुर्बिणीसाठी अधिक्रमणांच्या वेळा ताज्या ठेवण्याचं काम तिथे हौशी निरीक्षकांच्या मदतीने चालतं.

एक विनंती. लेखात किंवा भाषणात 'दुसरी पृथ्वी' लिहू नको. ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांना ताऱ्यापासून क्रमाने बी ते एच अशी अक्षरं आहेत. त्यांतले ई, एफ आणि जी हे ग्रह वसतियोग्य पट्ट्यात आहेत, याचा अर्थ तेवढ्या अंतरावर, योग्य वातावरण असेल तर, पाणी द्रवरूप राहू शकतं. वातावरण आहे असा नाही. जेम्स वेब दुर्बिणीने बी ग्रहाची दिवसाची बाजू ५०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे सुमारे २३० अंश सेल्सिअस मोजली. उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेणारी हवा नसलेल्या उघड्या खडकाचं तापमान असंच येतं. सी वर शुक्रासारखं दाट कार्बन डायऑक्साइडचं आवरण नाही. ई चं काम चालू आहे, आणि त्यात मुख्य अडथळा तारा स्वतः आहे. त्याच्यावरचे डाग आणि ज्वाला वर्णपटात अशा मिसळतात की ग्रहाची खूण कोणती आणि ताऱ्याची कोणती हे वेगळं काढणं जिकिरीचं होतं. तुझ्या पिढीला इथे भरपूर काम आहे.

आता बिअर. पीत नसशील तर हा भाग सोडून दे, तिथे कुणी आग्रह करणार नाही. मठांची चीज मात्र चाखण्यासारखी असतात. शाकाहार पाळत असशील तर दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलंय का, ते दुकानात विचारून घे.

ट्रॅपिस्ट हा बिअरचा प्रकार नाही. ती कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली बनली याची ती खूण आहे. षटकोनी चिन्ह मिळायला बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या हातून किंवा देखरेखीखाली बनावी लागते, मद्यनिर्मिती मठाच्या जीवनात दुय्यम राहावी लागते आणि उत्पन्न साधूंचा चरितार्थ, मठाची डागडुजी आणि दानधर्म यांसाठीच जावं लागतं. बेल्जियममध्ये आज अशा पाचच आहेत: वेस्टमाले, वेस्टफ्लेटरेन, शिमे, रॉशफोर आणि ऑर्व्हाल. आखेलच्या मठात साधूच उरले नाहीत म्हणून २०२१ मध्ये तिचं चिन्ह गेलं. लेफ, ग्रिमबर्गन वगैरे 'ॲबी बिअर' व्यापारी कंपन्यांच्या आहेत. त्या वाईट नाहीत, पण वेगळ्या आहेत.

सुरुवात वेस्टमालेच्या ट्रिपेलने कर, ९.५ टक्के. फिकट रंगाच्या कडक बिअरचा हा नमुना १९३४ पासूनचा. इतकी कडक असून ती जिभेवर जड का वाटत नाही, याचं कारण साखर. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) बरोबरीने घातलेली साखर यीस्ट पूर्ण खातं, अल्कोहोल वाढतं पण चिकट गोडवा मागे राहत नाही. मग रॉशफोर. बाटलीवरचे ६, ८, १० हे आकडे अल्कोहोलचे नाहीत, किण्वनापूर्वीच्या रसाच्या घनतेच्या जुन्या बेल्जियन मोजणीतून आलेले आहेत. प्रत्यक्षात टक्के आहेत ७.५, ९.२ आणि ११.३. हिशोब करून ठेव: ३३० मिलीच्या रॉशफोर १० मध्ये ३३० × ०.११३ × ०.७८९, म्हणजे २९ ग्रॅम अल्कोहोल. साध्या ५ टक्क्यांच्या बिअरच्या २५० मिली ग्लासात १० ग्रॅम असतं. एक बाटली म्हणजे तीन ग्लास. बेल्जियममध्ये वाहनचालकाला रक्तात ०.५ ग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा आहे, त्यामुळे ही बाटली उघडलीस त्या संध्याकाळी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. आणि निरीक्षणाच्या रात्री तर बाटली विदा सुरक्षित जतन झाल्यावरच.

वेस्टफ्लेटरेन १२ च्या नावाने दुकानांत तिप्पट-चौपट किंमत मागतात. देऊ नको. साधू ती आधी मागणी नोंदवणाऱ्यांना विकतात आणि नफ्यासाठी पुढे विकण्याला त्यांचा विरोध आहे. मठासमोरच्या कॅफेत बसून पी, नाहीतर वाटू या गावची सेंट बर्नार्डस १२ घे. तिथे १९४६ ते १९९२ या काळात याच मठाच्या परवान्याने बिअर बनत होती.

या बिअर बाटलीत पुन्हा आंबतात, म्हणून तळाशी यीस्टचा गाळ असतो. बाटली उभी, अंधारात, १० ते १५ अंशांत ठेव. उजेड लागला की हॉप्समधली (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधली) कडू द्रव्यं फुटतात आणि कुबट वास येतो. फ्रिजमधून काढल्यावर अर्धा-पाऊण तास थांब. ४ अंशांना सगळा सुगंध दबलेला असतो, गडद बिअर १२ ते १४ अंशांना खुलते. ग्लास साबणाने धुतल्यावर भरपूर पाण्याने खळबळ आणि ओला असतानाच वापर. तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस बसतो. ग्लास तिरका धरून एका सलग धारेत ओत, मध्येच थांबून बाटली सरळ केलीस तर गाळ ढवळला जातो. शेवटचा सेंटिमीटरभर बाटलीतच ठेव.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ऑर्व्हाल. मठ बाजारात एकच बिअर विकतो, ६.२ टक्क्यांची. तिच्या बाटलीत नेहमीच्या यीस्टबरोबर ब्रेटानोमायसेस नावाचं रानटी यीस्ट असतं, आणि इतरांनी सोडलेल्या शर्करा ते महिनोन्महिने सावकाश खात राहतं. दोन महिन्यांची बाटली हॉप्सच्या वासाची आणि कडसर. सहा महिन्यांनी हॉप्स ओसरतात आणि चामडं, सुकं गवत अशा वासाची चाहूल लागते. वर्षाने ती कोरडी ठणठणीत होते आणि अल्कोहोलही थोडं वाढतं. लेबलवर बाटली भरल्याची तारीख असते, ती बघूनच घे. फेस उसळून येतो, म्हणून ग्लास मोठा हवा.

फरक खरंच कळतो का, हे तपासायची रीत तुझ्या कामाचीच आहे. मित्राला तीन ग्लास भरायला सांग, दोनांत एकाच वयाची ऑर्व्हाल, तिसऱ्यात दुसऱ्या वयाची, तापमान तेच, ग्लास तसेच. क्रम त्यालाच माहीत असू दे. वेगळा ग्लास कोणता ते तू ओळखायचं. निव्वळ अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून बारा खेपांत निदान आठ वेळा ओळखलंस तरच फरक कळतो म्हणायचा. सात आले तर पुरावा अपुरा. घोट लहान घे, मध्ये पाणी आणि पाव खा, आणि बारा खेपा तीन-चार संध्याकाळींत वाट.

ऑक्टोबरात पोहोचलास की आधी सहा बाटल्या ऑर्व्हाल घेऊन तारखा लिहून ठेव, म्हणजे हिवाळ्यात तुलनेला हाताशी राहतील. कतार-१ चा पहिला आलेख झाला की मला नुसतं चित्र पाठवू नको. कच्च्या चित्रांतली पहिली आणि शेवटची, एक सपाट-क्षेत्र चित्र, तुलनाताऱ्यांची यादी आणि घड्याळ कधी जुळवलंस ती वेळ, हे सगळं जोड. त्याशिवाय दोष कुठे आहे ते इथून सांगता येणार नाही.

तुझा हितचिंतक